सात देवांची चूल

आमच्या बापानं, वारलूबाबानं, दिव्याला पाहिलं ते एकदाच, गेल्या पूस महिन्यात, या राखीव जंगलातल्या देवाच्या जत्रेत. ती सात देववाल्यांच्या चुलीवर भात ढवळत होती. आम्हीही सात देवांचे. आम्हा गोंडांत देवांची संख्या एक असली की ते भाऊबंद, म्हणजे ती माझ्या भावाची, सुनिलची, बहीणच झाली. सुनिलच्या मनात ती भरली होती, पण लग्नाची गोष्ट तिथंच खुंटली.

"बाबा, विचारून तं घ्या," मी म्हटलं.

"डोळ्यानं पाह्यलं ना! आता काऊन विचारू?"

बाबाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा जत्रेसाठी फाटकावर पर्यटकांच्या जिप्सी थांबवल्या होत्या. आम्ही चपला हातात घेऊन जुन्या सागांमधून पायी आत गेलो. टोपलीतला कोंबडाही सुनिलपेक्षा खुशीत होता.

देवाच्या ऐनाच्या झाडाखाली चार, पाच, सहा, सात देववाल्यांनी आपापल्या चुली मांडल्या. थोड्या वेळानं दिव्या आली, आई सोमारीबरोबर, आणि दोघींनी भाताचा गंज टेकवला तो आमच्याच चुलीपाशी. बाबानं माझ्याकडे पाहिलं, पाह्यलं का, अशा नजरेनं. सुनिल उठून नाल्याकडे निघून गेला.

आईला मात्र राहवलं नाही. "सोमारीबाई, तुमच्या घरधन्याचे देव किती वो?"

"त्यायचे सहा. ते गेले, दीरबी येत नाई. आमी दोघीच बाया कुठी चूल मांडाव? म्हून माह्या माहेरच्या चुलीवर येतो."

"अवो माय! म्हंजे तुमी ह्यायच्या बहीण! अन् दिव्या भाची!"

आमच्यात भाची म्हणजे हक्काची सून. ती मामाच्या घरात आली की दूध परत आलं म्हणतात. सगळे बाबाकडे पाहू लागले. बाबानं घसा खाकरला, दुपट्ट्यात धरून सोमारीबाईचा गंज उचलला आणि सहा देववाल्यांकडे चालू लागला.

"अवो, कुठी?" आई ओरडली.

"पोरीचं मागणं बापाच्या चुलीवर घालाव लागते. चाल बहीण, सांग त्यायले."

मी नाल्याकडे धावले. इतकं हलकं वाटत होतं की रडूच फुटलं. ते पाहून सुनिलचा चेहरा पांढरा पडला.

"का झालं, बाई?"

"बाबा..." मला हुंदक्यानं बोलता येईना. "अरे गाढवा, बाबा तुह्यासाठी दिव्याले मागून राह्यला!"

तो तिथंच पाण्यात मटकन बसला.