सरजाबाई मडकं फोडत नाही

“आई, फोड ते मडकं.”

“कामून?”

“आत चावी हाय. चावी घेतली की उत्तरेचा दरवाजा उघडतो. मग खरा गेम चालू.”

सरजाबाई पडद्याकडं वाकली. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली चावी टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर टिक् करून वाजली. पडद्यावर मातीचं घर होतं. कोनाड्यात दिवा, चुलीत विस्तव, भिंतीशी तीन मडकी. दार सताड उघडं.

“घर कुणाचं हाय?”

“कोष्ट्याचं. म्हंजे तसं कुणाचंच न्हाई. फोड, लोक बघ कसे पळायलेत.”

लोक पळतच होते. कुणाच्या टोपाला शिंगं, कुणाच्या पाठीला माणसापेक्षा उंच तलवार. घरात घुसायचे, मडकी फोडायचे, चावी उचलून पसार. त्यांची पाठ वळली की मडकी आपोआप पुन्हा उभी राहायची, पुढच्यानं फोडावीत म्हणून.

“चुलीत इस्तव हाय की. बाई हितंच कुठं पाण्याला गेली आसंल,” सरजाबाई म्हणाली आणि तिनं चक्क आवाज दिला, “हाय का वो कोन घरात?”

राजेश्री शेजारच्या खाटेवरून पडायचीच राहिली. “आई, माईक चालू हाय!”

“मग आयकू जाईल की तिला.”

‘नवखंड’ नावाचा हा गेम त्याच सकाळी अकरा वाजता चालू झाला होता. राक्षस, मंत्र, नऊ राज्यं, हजारो माणसं एकाच वेळी खेळणार, आणि तेही मराठीत. राजेश्रीचं यूट्यूबवर चॅनल होतं. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली, नोकरी कुणी दिली नाही. तेव्हा मानवत गावातल्या बंद पडलेल्या नेट कॅफेतून जुना कॉम्प्युटर आणून ती गेम खेळायची आणि बोलायची. पहिल्या दिवशी गेमबद्दल पहिलं मत टाकणाराच पुढं जातो, हे तिला ठाऊक होतं. पण मत तर शंभर जण टाकणार. म्हणून तिनं आईला खुर्चीत बसवलं. ‘माझी आई पहिल्यांदा गेम खेळते’ असं मथळ्यात घातलं की लोक बघतात.

आई मोकळीच होती. तीन आठवडे मोकळी होती.

सुरुवातीलाच गंमत झाली होती. आपलं पात्र निवडायचं होतं. राजेश्रीनं एक योद्धी दाखवली. सरजाबाई म्हणाली, “लढाईला चालली आन् अंगावर पुरं कापड न्हाई. हिच्या मायनं काही म्हनलं न्हाई का?” मग खूप शोधून एक पिकल्या केसांची वैदू बाई सापडली, तिच्या अंगावर निदान घोंगडी तरी होती. नाव काय ठेवायचं? राजेश्री म्हणाली, “अग्निशिखा.”

“माझं नाव काय वाईट हाय?”

टाकून पाहिलं. नाव मिळालं. त्या नऊ राज्यांत सरजाबाई कुणीच नव्हती.

आणि आता ही सरजाबाई कोष्ट्याच्या दारात उभी होती आणि आत पाऊल टाकत नव्हती.

“आई, ही चोरी न्हाई. गेमच हाय. खरं थोडीच हाय.”

“सकाळी त्या कागदाचं बी हेच म्हनलीस.”

राजेश्रीची नजर टेबलाकडं गेली. कागद कीबोर्डखालीच होता.

त्या कागदाची गोष्ट अशी. नवरा वारला त्या साली सरजाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागली. चौदा वर्षं. चुलीवर शिजवली, मग गॅसवर शिजवली, धुरानं डोळे अधू झाले तरी शिजवली. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान कुठला आणि धन कुठलं, हे विचारायचं नसतं. कोठीच्या खोलीची चावी तिच्या गळ्यात असायची. ती वाकली की चावी पातेल्याच्या काठावर वाजायची, आणि बाहेर रांगेत बसलेल्या पोरांना कळायचं की आता वाढायला लागली.

तीन आठवड्यांपूर्वी कोठीतून तेलाचा डबा गेला. कुलूप फुटलं नव्हतं, म्हणजे चावीवालीनं नेला, असं ठरवून तिला घरी बसवलं. दुसरी चावी हेडसरांच्या टेबलाच्या खणात असते, हे शाळा समितीतल्या एकालाही आठवलं नाही. त्याच आठवड्यात हेडसर व्यंकटरावांच्या घरी लेकीचा साखरपुडा होता आणि समितीतले सगळे तिथं पुऱ्या खाऊन आले होते. डबा कुठं गेला हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण कुत्र्याची सही चालत नाही.

आता तपासणी यायची होती. सरांना कागद हवा होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या हातची खिचडीही हवी होती. बदली बाईनं दोनदा भात करपवला होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून पाठवलं होतं: ‘पोषण आहाराच्या तेलाचा एक डबा मी नजरचुकीने घरी नेला. माझी चूक झाली. पुन्हा असे होणार नाही.’ खाली सहीपुरती जागा. सही केली तर सोमवारपासून काम परत. पंधरा किलोचा डबा नजरचुकीनं घरी जातो, हे फक्त हेडसरांच्याच अक्षरात शक्य होतं.

आज दुपारी शाळेचा शिपाई मुंजाजी तो कागद न्यायला येणार होता.

“बरं, राहू दे चावी,” राजेश्री माईकमध्ये म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. “मंडळी, आमच्या आईनं घरफोडीला नकार दिलेला हाय. बघू काय होतंय.”

सरजाबाई गाव फिरली. बाण दाबायचे की बाई चालायची. चार घरांपुढं उभी राहिली, चारही रिकामी. पारापाशी एक दगडांची चूल दिसली, तिच्यावर हंडा.

“ही कुणाची?”

“सगळ्यांची. तिथं शिजवता येतं. पण ते कुणी करत न्हाई आई, लय बोअर हाय.”

“रानातली भाजी घेतली तर चालती का?”

“ती फुकट हाय.”

मग ती गावाबाहेर गेली आणि बांधाबांधानं हिरवा पाला खुडत हिंडली. सांडलेलं धान्य वेचलं, ओढ्याचं पाणी आणलं. राजेश्रीला वाटलं, गेला आपला व्हिडिओ. अर्धा तास एक म्हातारी भाजी खुडायलीय, हे कोण बघणार? सरजाबाईनं हंड्याखाली जाळ केला आणि सवयीनं वाकली. चावी टेबलावर टिक् वाजली.

पहिला आला तो शिंगवाला. लांडग्यांनी फाडलेला, जीव संपत आलेला. एक वाटी खाल्ली आणि त्याचा जीव भरला. त्यानं खाली लिहिलं, ‘अरे इकडं या, मावशी जेवण देते.’ झालं. पाच आले, पंधरा आले. ‘मावशी और है क्या?’ ‘मावशी मी कोरेगावचा, एक वाटी.’ जादूगार एकमेकांना ढकलायला लागले.

“लिही राजे,” सरजाबाई म्हणाली. “रांगेत या. ढकलाढकली केली तर सगळ्यात शेवटी.”

राजेश्रीनं लिहिलं. आणि ते तलवारवाले खरोखरच रांगेत उभे राहिले. पारापासून कोष्ट्याच्या घरापर्यंत रांग गेली.

“सरजाताई, हाव का घरी?”

दारात मुंजाजी होता. खाकी शर्ट, हातात पिशवी, चपला बाहेरच काढलेल्या. राजेश्रीनं त्याला खाटेवर बसवलं. एकाच खोलीचं पत्र्याचं घर, खाट टेबलाला लागूनच. ती चहा ठेवायला वळली.

“हे काय चाललंय?” मुंजाजीनं पडद्याकडं बोट केलं.

“खिचडी वाढायलेय.”

“फुकट?”

“शाळेत काय इकत व्हते का?”

मुंजाजी हसला, पण ते हसू गळ्याखाली गेलं नाही. चहा आला. त्यानं बशीत ओतला आणि बशीकडंच बघत बोलला, “सही झाली का? सर म्हनले, सही आसंल तर चावी तुमच्यापशीच ठिवा. नसंल तर चावी घेऊन ये.”

सरजाबाईनं कीबोर्डखालचा कागद काढला. सरळ केला. त्याच्या मांडीवर ठेवला. मग दोन्ही हात मानेमागं नेऊन दोऱ्याची गाठ सोडायला लागली. चौदा वर्षांची गाठ, घामानं आवळलेली, सुटेना.

“आसं करू नका ताई. येक तर सही. कोन वाचनार हाय? फायलीत पडंल.”

“राजे, ती कैची दे.”

दोरा कापला. चावी तिनं कागदावर ठेवली. मुंजाजीनं बशी खाली ठेवली, चहा तसाच. मग एकदम म्हणाला, “डबा म्या उचलला व्हता. सर म्हनले डिकीत ठिव. म्या ठिवला.”

“माहीत हाय मला.”

“आँ?”

“त्या दिशी तुमच्या सदऱ्याला खांद्यावर तेल सांडलेलं. मीच न्हवते का म्हनले, घरी गेल्यावर पीठ चोळा, डाग जाईल?”

मुंजाजीला आठवलं. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. “मग समितीपुढं कामून न्हाई बोललात?”

“तुमच्या नोकरीची दोनच वर्सं राह्यलीत.”

“मग सही तरी करा की. न्हाई तर खामखा तुमचं काम जाईल.”

“माझं न्हाई ते मी घेत न्हाई, मुंजाभाऊ. चोरी बी न्हाई.”

तो उठला. चावी खिशात टाकली, बिनसहीचा कागद घडी करून पिशवीत घातला. दाराशी चपला पायात सरकवता सरकवता पाठमोराच बोलला, “पीठ लावलं व्हतं ताई. न्हाई गेला डाग.”

तो वळणाआड गेल्यावर राजेश्री टेबलाकडं धावली. “आई, रेकॉर्ड झालंय. सगळंच्या सगळं. सरचं नाव, डिकी, सगळं! उद्या टाकते. बघ हेडसर कसा खलास होतो!”

“कापून टाक.”

“काय?”

“मुंजाभाऊ माझ्याशी बोलले. माईकाशी न्हाई.”

“आई, तुझ्या ह्याच भलेपणावर जगायलेत हे लोक! कळतं का तुला? तू गप बसतीस मनून त्यांच्या घरात पुऱ्या तळायल्यात!”

हे खोटं नव्हतं. सरजाबाईलाही ते खोटं वाटलं नाही. तिनं कात्री जागेवर ठेवली, तसाच राहिलेला चहा मोरीत ओतला, बशी विसळली.

“दार उघडं दिसलं मनून आत हात घालायचा का, राजे?”

“हे मडकं न्हाई आई. हे खरं हाय!”

“मनूनच.”

राजेश्री रडली नाही. तिला रडू येत नाही, राग येतो. रागारागात तिनं दोन वेळा फाइल उघडली आणि मिटली. शेवटी आई म्हणाली, “त्यायचं हाय ते. जा, त्यायला इचार. हो म्हनले तर खुशाल टाक.”

राजेश्री खरंच गेली. मुंजाजी अंगणात बाजेवर बसला होता. तिचं सगळं ऐकून त्यानं नुसते हात जोडले. लेकीच्या वयाच्या पोरीपुढं एक पिकला माणूस हात जोडून बसला, त्याला काय म्हणायचं? शिव्या तिच्या ओठांवर आल्या होत्या. त्या तिनं वाटेतल्या बाभळींना दिल्या आणि घरी येऊन अकरा मिनिटं कापून टाकली.

लोक म्हणतील सरजाबाई येडी. असेल. गावात शहाण्यांची कमी नव्हती, ते सगळे समितीत होते.

व्हिडिओच्या शेवटाला राजेश्रीनं विचारलं होतं, “आई, गेम कसा वाटला? दहापैकी किती?”

सरजाबाईनं विचार करून सांगितलं होतं, “गाव चांगलं हाय. झाडं लय हायेत. पण घरात कुणीच न्हाई आन् सगळे घ्यायलाच बसलेत. मार्क तू दे, मला कळत न्हाई.”

व्हिडिओ बऱ्यापैकी चालला. काही जण हसले, काहींनी ‘ड्रामा’ असं लिहिलं. शिंगवाल्यानं लिहिलं होतं, ‘मावशी परत कधी येणार?’ राजेश्रीनं खाली उत्तर दिलं, ‘सोमवारी, साडेबाराला.’

सोमवारी साडेबाराला शाळेची घंटा झाली. ओढ्यापलीकडून ती घरात नेहमीच ऐकू येते. सरजाबाई घंटेसरशी उठली, पदर खोचला, आणि खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली. शाळेत नवी बाई कोठीचं कुलूप काढत असेल.

“आई,” राजेश्री टेबलापासून म्हणाली, “रांग लागलीय.”

सरजाबाई खुर्चीत बसली. पडद्यावर पाराजवळ चौदा-पंधरा जण उभे होते, एकामागं एक, तलवारी पाठीला. मागं कोष्ट्याचं दार उघडंच होतं. तिनं हंड्याखाली जाळ केला आणि वाढायला म्हणून पुढं वाकली.

टेबल वाजलं नाही. तिचा हात गळ्याशी गेला, तिथं क्षणभर राहिला, आणि मग खाली आला.

“लिही राजे,” ती म्हणाली. “वाढायला लागले म्हन.”