शालिकरामचे डोळे

"साहेब, हा एक शब्द मले लागून नाही राहिला," असं म्हणत टंकलेखक शालिकराम मसुदा घेऊन आत गेला. साहेबांचं इंग्रजी कुठंतरी घसरलंय, हे आम्ही बाहेरच्यांनी ओळखलं.

बाहत्तर सालची ही गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत साहेबांची चूक काढायची कुणाची छाती नसे. शालिकरामनं त्यावर तोड काढली होती: चूक साहेबांची, दोष आपल्या डोळ्यांचा. बारा वर्षं हा तोट्याचा व्यवहार त्यानं खुशीत चालवला. पण या नव्या साहेबांचं अक्षर मोत्यासारखं. ते न लागायला माणूस आंधळाच हवा.

प्रकरण दफ्तरी देवरावचं. शिवायच्या फायली त्यानं नंदनवनला घरी नेल्या आणि बकरीनं दोन पानं खाल्ली. साहेब पोट धरून हसले, माफ करून टाकू म्हणाले. वरच्या कचेरीला जाणाऱ्या मसुद्यात मात्र लिहिलं, ही चूक 'व्हीनल' आहे. म्हणायचं होतं 'व्हीनियल'. दिसायला जुळे भाऊ. पण व्हीनियल म्हणजे माफ करण्याजोगी, आणि व्हीनल म्हणजे लाच खाऊन केलेली. एक देवरावची नोकरी राखणारा, दुसरा त्याला घरी बसवणारा.

साहेबांनी तो शब्द पुन्हा वाचला. मग पेन चाललं, शब्द दुरुस्त झाला.

"इतकं ठळक दिसत नाही तुम्हाला? डोळे चांगले असल्याचं सर्टिफिकेट आणा. त्याशिवाय हेडक्लार्कच्या जागेसाठी तुमचा विचार नाही."

देवराव कासावीस झाला. "काहून गा असं केलं? सरळ सांगाचं होतं."

"सरळ सांगतलं असतं, तं त्यायनं तोच शब्द खरा केला असता," शालिकराम म्हणाला. "अन् तुयी बकरी लाचखाऊ ठरली असती."

सरकारी दवाखान्यात मी सोबत गेलो. वाटेत म्हणालो, आता तरी आपलं बघ. तो म्हणाला, डोळे चांगले निघाले की आपण त्यांची चूक काढली हे साहेब ओळखतील, आणि देवरावचा कागद अजून त्यांच्याच टेबलावर, सहीसाठी पडून आहे.

भिंतीवरच्या तक्त्याच्या वरच्या ओळी त्यानं धडाधड वाचल्या. खालची सगळ्यात बारीक ओळ आली. डॉक्टर थांबले. शालिकरामचे ओठ हलले. एकेक अक्षर करत, आवाज न करता, ओळ शेवटपर्यंत गेली.

मग त्यानं नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहिला.