नळीतली सावली

सेंत-एत्येनच्या त्या कारखान्यात बंदुकीची नळी सरळ करणारे सात जण होते आणि त्यांच्यासाठी उत्तरेकडे तोंड केलेल्या सात खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकीच्या काचेवर एक काळा दोरा आडवा ताणलेला असे. कारागीर नळीचे एक तोंड डोळ्याला लावी आणि दुसरे खिडकीकडे धरी. मग त्या दोऱ्याची सावली नळीच्या पोटात, घासून चकचकीत केलेल्या पोलादावर, लांबवर धावलेली त्याला दिसे. सावली सरळ गेली तर नळी सरळ. सावली कुठे वळली किंवा मध्येच जाड झाली, तर त्या जागी नळी वाकडी. तेवढ्याच जागी तांब्याच्या हातोडीचा एक टोला द्यायचा आणि पुन्हा पाहायचे. काम एवढेच. पण ते हाताला येईपर्यंत माणसाची सहा-सात वर्षे सहज जात.

पहिली खिडकी पेत्रुस शालेयेची. तिथला उजेड सर्वांत स्वच्छ, म्हणून ती सर्वांत चांगल्या डोळ्याच्या माणसाला मिळे, आणि पेत्रुस तिथे एकवीस वर्षे बसला होता. त्याचा आजा गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकांच्या नळ्या सरळ करी. त्या नळीत माणसाचा अंगठा जाई. बाप तांब्याची टोपी लावून उडवायच्या बंदुकांवर राबला. त्यांची भोकेही तेवढीच मोठी. पेत्रुस पहिल्या खिडकीत बसला त्याच सुमारास सुई टोचून बार उडणारी बंदूक आली, जिच्यात कागदाचे काडतूस भरत. प्रशियाशी लढाई झाली तेव्हा सारे गाव तीच बंदूक घडवत होते. लढाई हरल्यावर कागदाच्या जागी पितळेचे काडतूस आले. पण भोक तेच राहिले, अकरा मिलिमीटरचे, करंगळीचे टोक जेमतेम जाईल असे. त्या भोकातली सावली पेत्रुसला घरच्या जिन्यासारखी पाठ होती.

मग अठराशे सत्याऐंशी साली नवी बंदूक आली. तिच्या दारूचा धूर होत नाही म्हणून सैन्यातले अधिकारी हळू आवाजात बोलत आणि कारखान्याच्या फाटकावर पहारा बसला. गावाला त्या दारूचे नवल होते. पेत्रुसला मात्र पहिल्याच दिवशी दुसरीच गोष्ट कळली. नव्या नळीचे भोक आठ मिलिमीटरचे होते. शिसपेन्सिल जाईल एवढे. त्याने नळी डोळ्याला लावली आणि त्याला आत फक्त राखाडी धुके दिसले.

त्याने डोळा पुसला, नळी पुसली, काच पुसली. धुके तसेच.

डोळा गेल्या दोन-तीन वर्षांपासूनच मंदावत होता. जुन्या रुंद भोकात तो कसाबसा चालून जात होता, एवढेच. हे त्याच क्षणी मुकादमाला सांगता आले असते. सांगितले असते तर लोक दोन दिवस हळहळले असते आणि त्याला तळघरात नळ्यांना चरबी लावायच्या कामावर पाठवले असते. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. म्हातारे होऊन कितीतरी जण तिथे गेले होते. पण पेत्रुसने ते सांगितले नाही. शेजारच्या खिडकीतल्या रेजीस बेर्तेआसने विचारले की उस्ताद, कशी आहे नवी पोरगी, तेव्हा तो म्हणाला, "बारीक आहे, पण वळण चांगलं आहे." सगळे हसले. तोही हसला.

रेजीस चाळिशीचा. पेत्रुसनेच त्याला शिकवले होते, वीस वर्षांपूर्वी, खांद्याला खांदा लावून. माणूस बोलका, थट्टेखोर, पण नळी डोळ्याला लावली की गप्प. एकदा पाही, एक टोला देई आणि नळी खाली ठेवी. पुन्हा पाहायची त्याला गरज पडत नसे. पेत्रुसला याचा अभिमान होता.

प्रत्येकाचा स्वतःचा ठसा असे. नळी सरळ झाली की तिच्या खालच्या अंगाला, जिथे पुढे लाकूड बसते तिथे, आपला ठसा ठोकायचा. दर शनिवारी तपासनीस पेरार सगळ्या नळ्यांमधून पोलादाची मापकांडी सरकवून पाही. कांडी अडली की ठसा वाचायचा आणि नळी ज्याची त्याला परत करायची. तीन शनिवार लागोपाठ फार नळ्या परत आल्या तर त्या माणसाची खिडकी जाई.

पहिल्या शनिवारी पेत्रुसच्या चार नळ्या परत आल्या. पेरार म्हणाला की नवीन माल आहे, होतं असं. खोलीत कुणी काही बोलले नाही, आणि तेच पेत्रुसला झोंबले. एकवीस वर्षांत त्याच्या चार नळ्या कधी एकदम परत आल्या नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी दुपारी सगळे खाली सूप प्यायला गेले. पेत्रुस घरून आणलेली राईची भाकरी आणि चीज खिडकीशीच खाई. समोर सकाळच्या सहा नळ्या पडल्या होत्या. त्यांत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हते. शेजारच्या बाकावर रेजीसचा ठसा होता. पेत्रुस उठला, त्या सहांपैकी तीन नळ्यांवर रेजीसचा ठसा ठोकला आणि त्या रेजीसच्या लाकडी घोडीवर, त्याच्या नळ्यांच्या रांगेत, लावून ठेवल्या. ठोकताना त्याने मनाशी म्हटले की रेजीसचे नाव पक्के आहे, दोन-चार नळ्यांनी त्याला काय होणार. मग तो परत येऊन बसला आणि उरलेली भाकरी त्याने खाल्ली. पुढे कितीतरी वर्षे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटे ती याचीच, की भाकरी त्याच्या घशाखाली व्यवस्थित उतरली होती.

त्या आठवड्यात पाच झाल्या. पुढच्या आठवड्यात चार.

दोन शनिवार रेजीसच्या नळ्या परत आल्या. पेत्रुसच्याही एक-दोन आल्या, पण तेवढ्या चालून जात. पहिल्या वेळी त्याने थट्टा केली. म्हणाला, बायकोने सूपात काहीतरी घातलंय. दुसऱ्या वेळी तो परत आलेल्या नळ्या एकेक करून पुन्हा पाहत बसला. सोमवारी तो नळी दोनदा पाहताना दिसला. बुधवारी तीनदा. टोला द्यायला हात उचली आणि पुन्हा खाली ठेवी. पेत्रुसने ते पाहिले आणि त्या आठवड्यात त्याने रेजीसच्या ठशाला हात लावला नाही. त्याला वाटले, एवढ्याने भरून निघेल.

गुरुवारी रेजीस एक नळी घेऊन त्याच्या खिडकीशी आला. आवाज इतका खाली की बाकीच्यांना ऐकू जाऊ नये.

"उस्ताद, एवढी बघता का? माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. मला सरळ दिसते. पण त्या परत आलेल्या नऊ पण ठसा मारताना सरळच दिसल्या असणार ना मला."

"सरळ दिसते तर सरळ असेल," पेत्रुस म्हणाला.

"तसं नका म्हणू. बघा तरी. तुम्ही शिकवलंय, तुम्हीच सांगा."

खोलीतले दोघे-तिघे मान वळवून पाहू लागले होते. पेत्रुसने नळी घेतली आणि डोळ्याला लावली. धुके. त्याने ती सावकाश फिरवली, जशी पूर्वी फिरवत असे, अगदी तशीच. खरे बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण एवढा वेळ पाहून काहीच न बोलणे विचित्र दिसेल, असे त्याला वाटले.

"मधोमध," तो म्हणाला. "डावीकडे किंचित ओढ आहे."

रेजीसचा चेहरा पडला. त्याने नळी घेतली, ऐरणीवर ठेवली आणि मधोमध उजवीकडे ओढणारा एक टोला दिला. मग आत पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिला. "आता मला वाकडी दिसते," तो हळूच म्हणाला. "म्हणजे डोळाच गेला माझा. बरं झालं तुम्हाला विचारलं, उस्ताद." तो आपल्या जागेवर गेला आणि त्या दिवशी उरलेल्या सगळ्या नळ्यांना त्याने, सरळ दिसत होत्या त्यांनाही, एकेक टोला जास्त दिला.

त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, क्लोदीनने, राप तळली होती, म्हणजे बटाट्याच्या किसाची धिरडी. ती बशीत निवली. नवऱ्याला काय झाले म्हणून तिने दोनदा विचारले. नवी नळी त्रास देते, एवढेच तो म्हणाला. तिने म्हटले, मग रेजीसला बघायला सांग ना, पोर नाही म्हणणार नाही. हे इतके सोपे होते. पेत्रुस ताटावरून उठून अंगणात जाऊन उभा राहिला.

शनिवारी मापकांडी रेजीसच्या अकरा नळ्यांत अडली. पेरारने ठसे वाचले, चष्मा काढला आणि नाइलाज आहे अशा सुरात सांगितले की सोमवारपासून रेजीसने भट्टीच्या अंगणात हमालीला जावे. रेजीसने मान डोलावली. गुरुवारी पेत्रुसला विचारून टोला दिला हे त्याने सांगितले नाही. ते सांगण्यासारखे आहे, हेच त्याच्या मनात आले नव्हते. आपलाच डोळा फिरला, अशी त्याची खात्री झाली होती.

पेत्रुस उठून पेरारच्या टेबलाशी गेला.

"याआधीच्या नऊ त्याच्या नव्हेत. मी त्याचा ठसा मारला त्यांच्यावर."

पेरार हसला. वाईट हसला नाही, मायेने हसला. म्हणाला, शिष्यासाठी माणूस किती करतो बघा. खोलीतही कुणीतरी म्हणाले की उस्तादाचं काळीज मोठं आहे. रेजीसने त्याचा हात धरला. "नका हो," तो म्हणाला. "माझ्यासाठी असलं काही अंगावर घेऊ नका."

मार पडला असता तर पेत्रुसने तो सोसला असता. पण हे कौतुक अंगावर उकळते पाणी ओतावे तसे त्याच्यावर पडले. त्याने हात सोडवून घेतला.

"पेरारसाहेब, एखादी अशी नळी द्या की जी पोरालासुद्धा वाकडी दिसेल."

पेरारने टाकाऊ ढिगातून एक दिली. ती नुसत्या बाहेरूनही वाकडी कळत होती. पेत्रुसने हाताने चाचपले नाही. पहिल्या खिडकीशी जाऊन ती डोळ्याला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मला काही दिसत नाही. दोरा दिसत नाही, सावली दिसत नाही. नवी बंदूक आली त्या दिवसापासून मला एकदाही काही दिसलेलं नाही."

पेरारने चष्मा पुन्हा चढवला. मग रेजीस बोलला.

"मग गुरुवारी मला काय सांगितलंत?"

"अंदाजाने बोललो."

"डावीकडे म्हणालात."

"उजवीकडेही म्हणालो असतो," पेत्रुस म्हणाला. "तुझी नळी सरळ होती. मी तुला ती वाकडी करायला लावली."

रेजीसने त्याच्याकडे पाहिले. रागावला असता तर बरे, असे पेत्रुसला वाटत होते. पण रेजीस हिशेब न लागणाऱ्या माणसासारखा दिसत होता. "तुम्ही मला हाक मारायची होती," तो शेवटी म्हणाला. "मी दोघांच्या नळ्या पाहिल्या असत्या. सूपाच्या सुट्टीत पाहिल्या असत्या. कुणाला कळलं असतं?" मग त्याने ढिगातली दुसरी एक नळी उचलली, आपल्या खिडकीशी नेली, पाहिले आणि टोला दिला. पेरारची कांडी त्यातून आरपार सरकली. रेजीसने कुणाकडेच पाहिले नाही.

सोमवारी पेत्रुस तळघरात चरबी लावायला गेला. ते काम त्याला आधीही मिळालेच असते, तेही मानाने. मुकादमाने पहिली खिडकी रेजीसला देऊ केली. त्याने ती घेतली नाही, आणि का नाही तेही सांगितले नाही.

गावात ही गोष्ट हळूहळू गोड होत गेली. दारूच्या गुत्त्यात लोक म्हणत, चूक कुणाची होत नाही? पण शालेयेने सगळ्यांसमोर कबूल केली, याला छाती लागते. असे कुणी बोलले की पेत्रुस पेला खाली ठेवी आणि दर वेळी तेच सांगे: "नऊ नळ्या झाल्यावर कबूल केली. आणि दहावी त्याच्याच हातून वाकडी करून घेतल्यावर."

कधी तरी वर काही निरोप द्यायला त्याला जावे लागे. जिन्याच्या दारातून त्याला दुसरी खिडकी दिसे. रेजीस नळी डोळ्याला लावी, टोला देई आणि पुन्हा पाही. मग पुन्हा एकदा. मग मापकांडी मागवून घेई. नळी सरळच असे, दर वेळी असे. तरी ती खाली ठेवण्याआधी त्याचा हात थोडा थांबे, आणि पेत्रुस निरोप न देताच जिना उतरू लागे.