छान प्रयत्न, कुलूपसाहेब

ऑफिसात त्याला सगळे बातमीदार म्हणायचे. पगार मिळायचा प्रोग्राम लिहिण्याचा, पण जीव रमायचा तो तंत्रज्ञानाच्या बातम्यांत, आणि त्यातही दुसऱ्यांच्या फजितीच्या. कुठल्या दुकानाच्या साइटवरून गिऱ्हाइकांचे पासवर्ड चोरीला गेले, कुठल्या विमान कंपनीने प्रवाशांची माहिती उघड्यावर टाकली, हे सगळं तो सकाळच्या चहाला मोबाइल नाकासमोर धरून मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचून झालं की ठरलेलं वाक्य यायचंच. "कुठले दिवटे भरलेत हो या कंपन्यांत!" मग सगळे खो खो हसायचे. दुसऱ्याची फजिती चहाबरोबर इतकी छान लागते की बिस्किटाचीही गरज पडत नाही.

तसा माणूस वाईट नव्हता. उलट तत्त्वाचा होता, निदान चहा संपेपर्यंत तरी.

त्यांची कंपनी मनाच्या डॉक्टरांच्या भेटी ठरवून देणारी साइट चालवायची. भेट ठरवली की पुढच्या पानावर एक रिकामा चौकोन यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, 'भेटीआधी मन मोकळं करा.' लोक करायचेही बिचारे. शेजारी कुलपाचं एक चिमुकलं चित्र होतं, म्हणजे लिहिणाऱ्याला धीर यावा. ते चित्र बातमीदारानेच लावलेलं. चित्र फार सुबक जमलं होतं.

खऱ्या कुलपांचं खातं ज्यांच्याकडे होतं ते सुरक्षाप्रमुख, म्हणजे आमचे कुलूपसाहेब. या गृहस्थांना एक खोड होती. दर थोड्या दिवसांनी ते आपल्याच माणसांना फसव्या मेल पाठवायचे. 'तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा.' जो दाबेल त्याचं नाव हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर झळकायचं, आणि वर त्याला तोंडाला फडकं बांधलेल्या कार्टूनच्या चोराचा एक लांबलचक व्हिडिओ बघत बसावं लागायचं. जो ओळखेल त्याने 'संशयास्पद' नावाचं बटण दाबायचं, की त्याच्या नावापुढे हिरवी चांदणी. एकदा त्यांनी 'पगारवाढीचा तक्ता पाहा' अशी मेल सोडली, तेव्हा झाडून सगळं ऑफिस तोंडावर आपटलं. खुद्द मोठे साहेबही सुटले नाहीत. तेव्हापासून लोकांनी कानाला जो खडा लावला तो लावलाच. अनोळखी माणसाची मेल दिसली रे दिसली, की दाब बटण आणि घे चांदणी! एका खऱ्याखुऱ्या डॉक्टरीणबाईंची तक्रार कितीतरी दिवस संशयास्पद म्हणून धूळ खात पडली होती. तिच्याबद्दलही चौघांनी चांदण्या मिळवल्या.

अशात एक दिवस मेल आली. 'नमस्कार. तुमच्या साइटवर पानाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्या माणसाने लिहिलेला मजकूर दिसतो. कृपया हे लगेच बंद करा. मला मोबदला नको.'

बातमीदाराने ती वाचली आणि मिशीतल्या मिशीत हसला. मोबदला नको? अहो, जगात फुकट कोण सांगतं? म्हणजे बनावटच! त्याने बटण तर दाबलंच, पण पगारवाढीच्या वेळी पडद्यावर झळकलेलं नाव अजून ठसठसत होतं, म्हणून मेल पाठवणाऱ्याला उत्तरही ठोकून दिलं. 'छान प्रयत्न, कुलूपसाहेब. पण पगारवाढीचं नाटक यापेक्षा बरं वठलं होतं.'

आता गंमत बघा. तीच मेल कुलूपसाहेबांनाही गेली होती. त्यांना वाटलं, मोठे साहेब आपली परीक्षा घेताहेत. असं थोडंच फसणार ते! त्यांनीही बटण दाबलं आणि आपली चांदणी आपणच घेऊन मोकळे झाले.

त्या भल्या माणसाने पुन्हा लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. चांदण्यांचा नुसता पाऊस पडला. शेवटी त्याचं डोकं फिरलं, आणि कोणाचं फिरणार नाही? तो बातम्यांच्या साइटकडे गेला.

त्या सकाळी बातमीदार अगदी रंगात आला होता. कप एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. "ऐका, ऐका! 'मानसिक आरोग्याच्या एका साइटवर रुग्णांचा खासगी मजकूर उघडा. संशोधकाने वारंवार कळवूनही कंपनी ढिम्म.' कुठले दिवटे भरलेत हो! थांबा, खरी मजा पुढेच आहे. कंपनीने त्याला उत्तर काय दिलं म्हणे, तर 'छान प्रयत्न...'"

आणि त्याने मोबाइल पालथा घातला.

"पुढे वाच ना रे," टेस्टिंगवाली म्हणाली. ही त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि दिवसभर त्याच्याच चुका शोधायची.

"नेट गेलं."

"माझं आहे की." तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'छान प्रयत्न, कुलूपसाहेब.'"

सगळे सवयीने हसले. मग ते हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. कुलूपसाहेब चहाच्या यंत्रापाशी कप धरून उभे होते आणि कप भरून चहा बाहेर सांडत होता. बातमीत कंपनीचं नाव नव्हतं. द्यायची गरजच काय होती?

बातमीदार जागेवर येऊन बसला आणि त्याला पहिली आठवली ती ताई. त्याची थोरली बहीण. गेले काही महिने ती गप्प गप्प असायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे." तेव्हा यानेच मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं, "अगं ताई, कुणालाच सांगवत नसेल ना, तर तिथे लिही. आमचीच साइट आहे. मी कुलूप लावलंय." तिचं पान तिच्या मोबाइलवर उघडेना, तेव्हा तिने त्याचा पत्ता यालाच पाठवला होता. म्हणजे आकडा याच्याकडे होताच.

त्याने तो आकडा टाकला. पान उघडलं.

इथे काम संपलं होतं. दार उघडं आहे हे कळलं, बस्स. पान बंद करायचं आणि दुरुस्तीला लागायचं. एवढी अक्कल त्याला होती, दुसऱ्यांपुढे तर तो ती रोज पाजळायचा. पण पहिल्या ओळीवर नजर पडली, आणि मेलं, नजर काही हटेना.

'ह्यांच्याशी माझं भांडण नाही. ते वाईटही नाहीत. पण त्या घरात मला श्वास घेता येत नाही. मी वेगळं राहायचं ठरवलंय, आणि ह्यांना हे कसं सांगू तेवढंच मला तुमच्याशी बोलायचंय. आईला कळलं तर ती अंथरूण धरेल. एक भाऊ आहे, मायाळू आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला सांगणं म्हणजे आईला सांगणंच. त्याला माणसाच्या दुःखाचीसुद्धा बातमी करायची सवय आहे.'

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. वाटलं, उठावं, तोंडावर पाणी मारावं. पण हात आपोआप दुरुस्तीला लागले होते. भोक बुजवायला फार वेळ लागला नाही. पान मागणारा आणि मजकूर लिहिणारा माणूस एकच आहे ना, एवढं तपासायचं राहून गेलं होतं. कुलपाचं चित्र होतं, कुलूप नव्हतं.

दुपारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. कंपनीच्या वकीलबाई समोर बसल्या होत्या. शांत बाई, चष्मा नाकाच्या टोकावर.

"कोणी कोणाचं पान उघडलं, याची नोंद असेल ना?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तशी सोय होती, पण जागा फार खाते म्हणून साहेबांनीच ती बंद करायला लावली होती. तेव्हा साहेबांना तो निर्णय काटकसरीचा वाटला होता. आता तो दूरदृष्टीचा वाटू लागला.

"म्हणजे पुरावाच नाही!" साहेब खुर्चीत सावरून बसले.

"ज्याने कळवलं त्याने काही वाचलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"त्याने स्वतःचीच दोन खाती काढून तपासलं," कुलूपसाहेब कसनुसं तोंड करून म्हणाले. "परक्या माणसाचं एक अक्षर उघडलं नाही म्हणतो."

सगळ्या प्रकरणात सभ्य माणूस एकच निघाला, आणि त्याला यांनी संशयास्पद ठरवलं होतं.

वकीलबाईंनी नियम सांगितला. एका जरी माणसाचा मजकूर दुसऱ्याने वाचल्याचं नक्की ठाऊक असेल, तर साइटवरच्या प्रत्येकाला कळवणं भाग आहे. नसेल, तर साइटवर एक निवेदन पुरे. "म्हणून प्रत्येकाला विचारते. असं कोणी वाचल्याचं तुम्हाला ठाऊक आहे?"

टेस्टिंगवाली नाही म्हणाली. कुलूपसाहेब नाही म्हणाले. पाळी बातमीदारावर आली. साहेब त्याच्याकडे असे बघत होते, की त्या नजरेत नोकरी, बढती आणि घराचं भाडं सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याने मनातल्या मनात भराभर हिशेब मांडला. मी काय परका आहे? कंपनीचा माणूस, त्यातून सख्खा भाऊ. आणि ते वाचणं कुठे, ती तर तपासणी.

"नाही," तो म्हणाला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळच्या आत साइटवर निवेदन लागलं. 'आपला मजकूर कोणीही वाचल्याचा पुरावा नाही. आपला विश्वास हीच आमची ठेव.'

तो घरी आला तर आई दारातच. "ताईचा फोन नाही रे बरेच दिवस. तुला काही बोलली का?"

शब्द अगदी ओठांवर आले. एरवी एव्हाना चप्पल काढायच्या आत त्याने सगळं ओकून टाकलं असतं. "कामात असेल गं," तो म्हणाला आणि मूग गिळून आत गेला. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. ताईच होती. तो पुन्हा बाहेर येऊन जिन्यावर बसला.

"अरे, ती बातमी तुमच्याच साइटची ना?"

"हो. पण आता बंद केलंय गं सगळं. मीच केलं."

"माझं कोणी वाचलं नाही ना?"

"निवेदनात दिलंय की..."

"निवेदन वाचलंय मी. तुला विचारतेय." तिने आवाज खाली आणला. "माझ्या पानाचा पत्ता आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर पण आहे. ह्यांनी वाचलं असेल तर मला कळायला हवं रे. मला त्यांना माझ्या तोंडाने सांगायचंय. त्यांना सगळं ठाऊक असावं आणि मी आपली शब्द जुळवत बसावं, असं नको व्हायला."

"भावजींचं नाही सांगता येणार. कुणाचंच नाही. आम्ही नोंदच ठेवत नव्हतो."

"मग पुरावा नाही म्हणजे?"

"म्हणजे आम्ही बघितलंच नाही."

"शाब्बास!"

"पण एकाने वाचलंय, ताई. नक्की."

"कोणी?"

"मी."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"किती?"

"सगळं."

"तुझ्याबद्दलचं?"

"तेही. आधी तुझं पान उघडंय का तेवढंच बघायचं होतं, खरंच. मग थांबवेना. मला फार लाज वाटतेय गं."

"वाटू दे." मग तिने विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"खरं?"

"तुझी शप्पथ. आत्ता दारात विचारत होती, तरी नाही."

ताई हसली की रडली ते त्याला कळलं नाही. "बरं झालं. ह्यांच्याशी मी आजच बोलते. आता वाट बघण्यात अर्थ नाही. पण माझ्यासारख्या किती जणी असतील तिथे? त्या तुमचं ते निवेदन वाचून निवांत होतील. त्यांचा काही भाऊ नाही तिथे कामाला. तुझ्या ऑफिसात जा आणि हे सांग."

"ताई, नोकरी जाईल."

"जाईलही. मी घर सोडतेय रे."



दुसऱ्या दिवशी तो चहाला थांबलाच नाही. सरळ वकीलबाईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, काल मी खोटं बोललो. एक मजकूर वाचला गेलाय. मीच वाचलाय. माझ्या बहिणीचा."

वकीलबाईंनी चष्मा काढला. उठून दार लावून घेतलं. "हे मी ऐकलं, तर आता प्रत्येकाला कळवावं लागेल. तुमचं काय होईल तेही तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय."

"हे बघा, तुम्ही भले माणूस दिसता." त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. "घरातलीच गोष्ट आहे. बहीण काही भावावर तक्रार घेऊन येणार नाही. तुम्ही आत्ता बाहेर गेलात, तर मी काही ऐकलेलं नाही. तिला तरी कुठून कळणार आहे?"

"मॅडम," तो म्हणाला, "तिनेच पाठवलंय मला."