ओव्हनमधलं शेजवान

"त्या काचंतून काय बघायलीस? पिक्चर लागलाय का आत?"

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा, हनुमानचा आवाज आला. शेजारच्या मेघाकडून मागून आणलेल्या ओव्हनसमोर मंजुषा उकिडवी बसली होती. आत शेजवान नूडल्स भाजत होत्या आणि बाहेर तिचा जीव.

हनुमानची उस्मानपुऱ्यात चायनीजची गाडी होती. चीन कुठं आहे विचारलं तर त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं असतं, पण त्याच्या शेजवानसाठी लोक पार मुकुंदवाडीहून यायचे. वीस वर्षं त्यानं जाळासमोर उभं राहून कढई उडवली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, कढईत नूडल्स असतानाच, तो छातीला हात लावून खाली बसला. दोन स्टेंट पडले. तेल बंद आणि जाळासमोर उभं राहणंही बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली उभी होती. चुलतभाऊ शिवराज ती विकत मागत होता.

पण आठवडाभर हनुमानचं एकच चाललं होतं. "सोमवारपासून गाडी लावतो." मंजुषानं समजावलं, शपथा घातल्या, रडून झालं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घरात बसून शेजवान खाऊ घाल. माझ्या जिभंला पटलं, तर नाय जात. पण तेल नाय, जाळ नाय, मग करशील कशात?"

त्यानं ते चिडवायला म्हटलं होतं. मंजुषानं तोच शब्द धरून ठेवला. गंगापूरला दिलेल्या मुलीनं, प्रांजलीनं, फोनवर ओव्हनची युक्ती सांगितली. आता सोमवारही उजाडला होता. नूडल्स बिघडल्या तर हा माणूस संध्याकाळी त्या जाळासमोर जाऊन उभा राहील, आणि यावेळी दवाखान्यापर्यंत तरी पोचेल का, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

वाटी-चमचा घेऊन ती त्याच्यासमोर बसली. हनुमाननं पहिला घास घेतला. दवाखान्यात मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेकडं बघायची तशी ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

कुर्रर्र, असा आवाज आला.

"हे कडक कशानं झालं?"

"उकडल्यावर चिकटायल्या व्हत्या. मग गच्चीवर लुगडं टाकून उन्हात पसरल्या."

"नूडल्स? कुरडयांवाणी?"

"व्हय."

हनुमान हसत सुटला. हसता हसता त्याचा हात छातीवर गेला आणि मंजुषा अर्धवट उठली.

"ठसका लागला गं. घाबरती कशाला?" तो म्हणाला. पण हात लगेच खाली आला नाही.

मग त्यानं मान खाली घालून वाटी चाटून-पुसून खाल्ली. "अजून हाय का?"

तिनं वाढलं. तेही त्यानं संपवलं आणि फोन उचलला. "शिवराज, गाडी घेऊन जा बाबा. व्हय, कढईसकट." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

मंजुषानं स्वयंपाकघरात जाऊन खंडोबाला हात जोडले. आनंदानं तिला काही सुचेना. भांड्याला चिकटलेलं थोडं खरवडून तिनं तोंडात टाकलं.

अळणी. सकाळपासूनच्या घाईत मीठ पडलंच नव्हतं.

मिठाचा एक खडा कमी पडला तर हा माणूस गिऱ्हाइकासमोर अख्खी कढई ओतून द्यायचा. घरच्या वरणालाही नावं ठेवायचं त्यानं कधी सोडलं नव्हतं. आणि आज त्यानं मागून खाल्लं होतं.

मग तिच्या लक्षात आलं. त्यालाही जायचं नव्हतं. त्या जाळाची त्याला तिच्यापेक्षा जास्त भीती बसली होती, आणि हे वीस वर्षांच्या गाडीवाल्याला तोंडानं म्हणता येत नव्हतं. तिला जिंकल्यासारखं काही वाटेना.

"मंजे, तुला उरलंय का गं?" बाहेरून आवाज आला.

"व्हय."

"मग खाऊन घे. गार झाल्यावर मजा नाय राहत."

तिनं मिठाच्या बरणीकडे नेलेला हात परत घेतला. वाटी घेऊन ती त्याच्या पाठीशी जाऊन बसली आणि खाऊ लागली.

"चांगलं झालंय ना?" त्यानं वळून न बघता विचारलं.

"झकास झालंय," मंजुषा म्हणाली, आणि तिनं पुढचा घास घेतला.