कोठारात पाणी होतं

२९ जुलै २००२, सोमवार. दुपारचे साडेतीन. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यासमोर, खोल समुद्रात नांगरलेलं एक जुनं प्रवासी जहाज. जनरेटर बंद. खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आचारी अंबादास खरोटे याने एका मोठ्या टोपात वाटी घातली. वाटी तळाला खरवडली आणि कोरडीच वर आली.

तो टोप मी. त्या दुपारबद्दल पुष्कळ लोक बोलले, पण बोलणाऱ्यांतलं कुणी तिथे नव्हतं. मी होतो, म्हणून आता मी बोलतोय.

माझा जन्म हाम्बुर्गजवळच्या एका कारखान्यातला. जाड स्टील, दोन कान, आणि कानांना निळी पट्टी. निळी पट्टी म्हणजे दुधाचं भांडं. लाल पट्टीचा माझा एक भाऊ होता, तो मटणाचा. कित्येक वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो, पण एकमेकांना कधी शिवलो नाही. कारण ते जहाज कोशर होतं, म्हणजे ज्यू लोकांच्या खाण्यापिण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं. उन्हाळाभर ते उत्तर युरोपातल्या जुन्या बंदरांना फिरायचं. हाम्बुर्ग, कोपनहेगन, टालिन, रिगा.

वापरात घेण्याआधी आम्हा सगळ्या भांड्यांना जाळ्यात घालून समुद्रात बुडवलं. नियमच तसा. नियम सांभाळायला एका ज्यू संस्थेने नेमलेले मेनाहेम नावाचे वयस्कर गृहस्थ होते. पांढरी दाढी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सकाळी चूल त्यांनीच पेटवायची, मग आचाऱ्याने रांधायचं.

अंबादास नाशिकचा. पहिल्याच दिवशी तो आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "साहेब, हे मला नवीन नाही. माझी आई मटणाचं पातेलं घरात घेत नाही. मागे अंगणात तीन दगड, तिथेच शिजवा, तिथेच घासा."

"मग नोकरीला तुझ्या आईलाच घ्यायला हवं होतं," मेनाहेम म्हणाले. "तुझ्यावर लक्ष ठेवायला मी एकटा पुरत नाही."

प्रवासी बहुतेक म्हातारे. सकाळी नीटनेटके कपडे घालून बंदरावर उतरायचे आणि आजोबांचं दुकान ज्या गल्लीत होतं ती गल्ली शोधायचे. ज्यांना ती सापडायची त्यांचं रात्रीचं जेवण ताटात तसंच राहायचं. रिगाहून परतलेल्या एका बाईंनी एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गरम दूध मागितलं. दुपारी त्यांनी मटण खाल्लं होतं, त्यावर दूध प्यायचं तर मध्ये सहा तास जायला हवेत. बाईंनी घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसून राहिल्या. कुणी बघत नसतं तरी त्या बसल्याच असत्या. अंबादास भाजी चिरता चिरता त्यांच्याकडे पाहत होता. त्या बाईंकडून त्याने काहीतरी घेतलं, असं मला आजही वाटतं.

२००१ च्या शेवटी प्रवासी आटले, कंपनी बुडाली, जहाज विकलं गेलं. जाण्याआधी मेनाहेमनी एक कोठार बंद केलं. आत पुढच्या सणासाठी आणलेला द्राक्षाचा रस आणि बाटलीबंद पाण्याची खोकी होती. दारावर त्यांनी स्वतःच्या सहीची टेप लावली.

"हे सामान जहाजाचं नाही, आमच्या संस्थेचं आहे," ते म्हणाले. "कुणीतरी येऊन घेऊन जाईल. तोवर दार असंच राहील ना?"

"राहील," अंबादास म्हणाला.

नव्या मालकाला दुबईत तरंगतं हॉटेल काढायचं होतं. अंबादास खूश झाला. त्याची बायको सुलक्षणा आणि मुलगी अंतरा तिथल्याच करामा भागात राहत होत्या. सुलक्षणाचा डब्यांचा धंदा होता. "तिच्या हाताखाली दोन माणसं, माझ्या हाताखाली एक टोप," तो खलाशांना सांगायचा. "पण यंदा गणपतीला घरी."

जहाज आलं, नांगर पडला आणि मालक नाहीसा झाला. ज्या देशाचा झेंडा आमच्या डोक्यावर फडकत होता त्या देशाने उत्तर दिलं नाही. सहा माणसं मागे राहिली, त्यांचे पासपोर्ट मालकाच्या किनाऱ्यावरच्या एजंटकडे. जहाज रिकामं सोडता येत नाही, म्हणून माणसं ठेवायची असा नियम निघाला. माणसं ठेवली तर त्यांना पाणीही द्यावं लागतं, हा नियम कुणाला सापडेना.

मेनाहेम नाहीत अशा पहिल्या सकाळी अंबादास काडेपेटी हातात धरून चुलीपुढे बराच वेळ उभा होता. मग त्याने स्वतःच चूल पेटवली. पण माझ्यात त्याने मासे कधी शिजवले नाहीत. मी स्वच्छ म्हणून पिण्याचं पाणी माझ्यात ठेवलं.

पाणी आणायची सुलक्षणा. मुश्ताक नावाच्या लाँचवाल्याला घेऊन ती दर आठवड्याला यायची. पाण्याचे कॅन आणि डबे दोरीने वर चढवायचे. एकदा अंतराही आली.

"बाबा, व्हाय कान्ट यू जस्ट कम डाउन?" तिने खालून ओरडून विचारलं.

"पासपोर्ट नाही गं. असा उतरलो तर पळाला म्हणतील."

"सो लेट देम से."

"हिला समजावू नका, तिचंच बरोबर आहे," सुलक्षणा म्हणाली. "मी कालही एजंटकडे गेले होते. चहा पाजतात. इन्शाल्ला बुधवारी, म्हणतात. कुठला बुधवार ते सांगत नाहीत."

"तू भांडलीस?"

"भांडले. मग दुसरा चहा आला."

जुलैत लोखंड एवढं तापलं की रात्रीही जिन्याच्या कठड्याला हात लावता येईना. एका खलाशाला ताप भरला. अंबादास आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजू लागला. बाकीच्यांना कोठार आठवलं.

"यल्ला, चल अंबादास, टेपच तर आहे," एक जण म्हणाला. "तुझा दाढीवाला काही बघायला येत नाही."

"तो येत नाही म्हणूनच," अंबादास म्हणाला. "सोमवारी लाँच येतेय. नाही आली तर संध्याकाळी मी स्वतः टेप फाडतो."

तो सोमवार आला. दुपारी वरून हाक आली, लाँच दिसतेय. अंबादासने वाटीने माझा तळ खरवडून पाहिला, हसला, मला उचललं आणि भरून घ्यायला वर नेलं. मला कठड्यापाशी टेकवून तो उन्हात उभा राहिला. लाँच मोठी होत होती. मग ती थांबली. मग वळली आणि लहान होत गेली. अंबादास तसाच उभा होता. थोड्या वेळाने तो माझ्या शेजारी बसला, आणि पुन्हा उठला नाही.

खलाशांनी धावत जाऊन कोठार फोडलं. पाण्याची खोकी छतापर्यंत रचलेली होती. पहिली बाटली त्यांनी त्याच्या तोंडाला लावली, पाणी ओठांवरून खाली ओघळलं.

त्यानंतर मात्र सगळे धावून आले. बाकीच्या पाच जणांना पासपोर्ट मिळाले, विमानाची तिकिटं मिळाली. एजंटने जबाब दिला की जहाजावर पिण्याचं पाणी होतं, मयताने ते वापरलं नाही. शब्दन् शब्द खरा. तेवढ्यावर प्रकरण बंद झालं. ज्याचा जीव गेला, दोषही त्याच्याच माथी.

सुलक्षणाने मेनाहेमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जिवापुढे आमचा एकही नियम नाही. टेप खोक्यांसाठी होती, माणसांसाठी नव्हती. हे मी त्याला सांगायला हवं होतं. ही चूक माझी." एवढ्या सगळ्या प्रकरणात चूक पदरात घेणारा हा एकच माणूस निघाला, आणि ज्यांनी चूक कबूल करायला हवी होती त्यांच्यातला तो नव्हता.

जहाज भंगारात गेलं. मला मुश्ताकने करामात आणून पोचवलं. इथे माझ्यात डब्यांच्या खिरीचं दूध तापतं. माझा एक कान सैल झालाय, तळ काळवंडलाय. मला आता घासूनपुसून चकचकीत करू नका. वापरा, आणि माझं एवढं ऐकून ठेवा.

मला घेऊन आला त्या दिवशी मुश्ताक ओट्यापाशी उभा राहून बोलला. "भाभी, उस सोमवार आप साथ नहीं थीं, मैं अकेला आया था. मैं वापस क्यों मुडा, किसीने पूछा नहीं. वायरलेस पर आवाज आयी. साफ हिंदी. बोला, पानी पहुँच गया है, तुम लौट जाओ."

"आवाज कोणाचा होता?" सुलक्षणाने विचारलं.

"जहाज का नाम लेके बोला, भाभी. मेरा भी नाम लिया."

जहाजाचा वायरलेस जनरेटरबरोबरच बंद पडला होता. तो आवाज किनाऱ्यावरून आला, आणि तो कोणाचा होता हे चौकशी करणाऱ्यांपैकी आजवर कुणीही मुश्ताकला विचारलेलं नाही.