सुटलेली कड

"इथली शीट कुठंय?" पट्टी सोडता सोडता झुलेखा सिस्टरचा हात थांबला.

धोंडिबाच्या टाचेवर सोमवारी डॉक्टरांनी कोलॅजेनची शीट बसवली होती. कागदासारखी पातळ, पिवळट. शरीर तिला परकं मानत नाही. तिच्या आधाराने नवं मांस धरतं आणि ती हळूहळू जखमेतच विरून जाते. शुगरमुळे महिनोन्‌महिने चिघळलेली जखम तिच्यामुळे भरली, तर पाय वाचणार होता.

त्याची बायको कस्तुरा शेजारीच उभी होती. चाकणच्या एका कारखान्यात ती गाडीच्या रंगवलेल्या भागांवरची प्लास्टिकची फिल्म काढायची. कड सुटली की नख घालायचं आणि एका दमात ओढायचं. तुकडा मागे राहिला तर सुपरवायझरची बोलणी. काल घरी पट्टी भिजली म्हणून तिने ती सोडली. शीट कडेला सुटून वर आली होती. काम झालं म्हणून सुटली, असं तिला वाटलं. तिने नख घातलं. शीट निघाली, खालून थोडं रक्त आलं.

"दुखलं का वं?" तिने विचारलं होतं.

"न्हाई. लई हलका हात हाय तुझा," तो म्हणाला होता. त्या पायाची जाणीव कधीच गेली होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"कुणी काढली?" सिस्टरने पुन्हा विचारलं. "वर आलेली कड तेवढी कात्रीनं कापायची, सोमवारी सांगितलं होतं ना?"

सोमवारी कस्तुरा शिफ्टला होती. ऐकलं होतं ते धोंडिबाने, आणि तो विसरला होता.

"मीच वढली सिस्टर. खाजत हुतं," तो म्हणाला.

"खाजत? तुम्हाला सुई टोचली तरी कळत नाही, भाऊ."

सिस्टरने कस्तुराकडे पाहिलं. कस्तुराने बोटं मुठीत मिटली. सिस्टरने बोळा औषधात बुडवला.

शीटबरोबर नवं मांसही निघालं होतं. जखम काळी पडत गेली, ताप चढला. पाय घोट्याच्या वरून काढायचा ठरला.

"म्या डॉक्टरला खरं सांगते," ऑपरेशनच्या सकाळी कस्तुरा म्हणाली.

"सांगून काय पाय ठेवणारेत का त्ये? गप बस. एक मोजा धुवायचा कमी झाला तुझा." तो हसला. तिला हसता आलं नाही.

दुपारी वॉर्डातले मामा पिवळी पिशवी घेऊन बाहेर आले.

"ताई, पाय तुम्ही नेणार, का आम्ही जाळायला पाठवू?"

"पाठवा."

मामांनी पिशवी फरशीवर ठेवली आणि गाडीवाल्याला फोन लावला. कस्तुराने वाकून ती उचलली. दोन्ही हातांवर आडवी धरली. गाडी येईपर्यंत ती तशीच भिंतीशी उभी राहिली. बाकावर जागा होती.